आपला कार्बनचा हिशेब कसा मांडायचा आणि कुठून कमी करायचा

फोन चार्ज झाला की चार्जर आठवणीनं प्लगमधून काढणारी मंडळी पुष्कळ असतात. सवय चांगलीच आहे, पण तिचा हिशेब एकदा करून बघा. फोन न जोडलेला आजचा चार्जर साधारण ०.१ वॉट किंवा त्याहूनही कमी वीज खातो. वर्षाचे ८,७६० तास तो तसाच लावून ठेवला तरी एक युनिटसुद्धा होत नाही. उलट ६० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला पावणेदोन युनिट लागतात. वर्षभर चार्जर काढून जे वाचवलं, ते एका गरम आंघोळीच्या निम्म्यातच संपलं.

पर्यावरणासाठी काही करायचं म्हटलं की बहुतेकांची सुरुवात अशीच हाताशी येणाऱ्या गोष्टींपासून होते. मोठे आकडे मात्र भलतीकडेच दडलेले असतात. म्हणून आधी मोजायचं, मग ठरवायचं. त्यासाठी पदवी लागत नाही. वर्षभराची बिलं, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि एक निवांत दुपार पुरते.

काय मोजायचं

माणसाचा निसर्गावरचा भार अनेक तऱ्हांनी मोजतात. मॅथिस वॅकरनागेल आणि विल्यम रीस यांनी १९९० च्या दशकात 'इकॉलॉजिकल फूटप्रिंट' ही कल्पना मांडली. आपल्या राहणीला किती जमीन आणि समुद्र लागतो, हे त्यात हेक्टरमध्ये काढतात. आर्यन हुक्स्ट्रा यांनी २००२ साली 'वॉटर फूटप्रिंट', म्हणजे आपल्या राहणीमागे किती पाणी खर्च होतं याचा हिशेब, आणला. सगळ्यांत रुळलेला प्रकार म्हणजे कार्बन फूटप्रिंट: आपल्यामुळे हवेत किती हरितगृह वायू, म्हणजे उष्णता अडवून ठेवणारे वायू, जातात याचा हिशेब. नवख्यानं सुरुवात यापासूनच करावी, कारण एकतर त्याचे आकडे आपल्याच बिलांवर छापलेले असतात आणि दुसरं म्हणजे इंधन, वीज, खाणं, कचरा हे सगळं त्यात एका मापानं मोजता येतं.

ते माप म्हणजे 'कार्बन डायऑक्साइड समतुल्य'. सगळे हरितगृह वायू सारखेच तापवत नाहीत. शंभर वर्षांचा काळ धरला तर एक किलो मिथेन सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो आणि एक किलो नायट्रस ऑक्साइड सुमारे २७३ किलोइतकी. हे गुणून सगळं एकाच एककात आणलं की बेरीज करता येते. पुढे जिथे नुसतं 'किलो' किंवा 'टन' म्हटलंय तिथे, पदार्थाचं वजन सोडून, हेच एकक समजा.

पायरी १: बारा महिन्यांचे कागद

एका महिन्याच्या बिलावरून वर्ष ठरवू नका. उन्हाळ्यात एसी, थंडीत गिझर किंवा हीटर, सुट्टीत प्रवास, असं प्रत्येक महिन्याचं वेगळंच चालतं. सलग बारा महिन्यांचे पाच आकडे जमवा: विजेचे युनिट, स्वयंपाकाचा किंवा घर तापवण्याचा गॅस, गाडीत भरलेलं इंधन (लिटरमध्ये), विमानानं कापलेलं अंतर आणि वर्षभरात घेतलेल्या मोठ्या वस्तू.

इंधनाच्या पावत्या कुणीच ठेवत नाही, हे गृहीत धरू या. मग गाडीचं ओडोमीटर बघा. वर्षभराचे किलोमीटर भागिले मायलेज, झाले लिटर. मायलेज मात्र जाहिरातीतलं घेऊ नका. टाकी फुल्ल करून, पुन्हा फुल्ल करेपर्यंत किती किलोमीटर झाले ते पाहून काढलेलं घ्या.

वीज आणि गॅस घरातल्या माणसांत समान वाटा. कामासाठीचा प्रवास वेगळ्या रकान्यात लिहा, कारण तो कमी करायचा असेल तर बोलणी घरी नव्हे, ऑफिसात करावी लागतात. इलेक्ट्रिक गाडी घरीच चार्ज होत असेल तर तिची वीज घरच्या मीटरवर आधीच आलेली असते, ती दोनदा धरू नका.

पायरी २: गुणाकार

आता प्रत्येक आकड्याला एका गुणकानं गुणायचं:

- पेट्रोल: लिटरला २.३ किलो
- डिझेल: लिटरला २.७ किलो
- एलपीजी: एक किलो गॅसला ३ किलो
- नळानं येणारा नैसर्गिक वायू: घनमीटरला २ किलो
- वीज: युनिटला जवळपास शून्यापासून १ किलोपर्यंत, ती कशापासून बनते त्यावर

पेट्रोलचा आकडा पाहून बरेच जण चमकतात. एक लिटर पेट्रोलचं वजन जेमतेम ७४० ग्रॅम, मग त्यातून सव्वादोन किलोच्या वर वायू कसा निघेल? पेट्रोलमध्ये वजनानं ८६ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो, म्हणजे लिटरमागे साधारण ६४० ग्रॅम. जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू ओढून घेतो. कार्बनचं अणुभारमान १२, तयार झालेल्या रेणूचं ४४. म्हणजे वजन ३.६७ पट होतं. उरलेलं वजन हवेनं भरलं. शिवाय हे फक्त जळण्याचं झालं. तेल उपसणं, शुद्ध करणं आणि पंपापर्यंत आणणं धरलं तर आणखी पाव हिस्सा वाढतो. पहिल्या हिशेबात तो सोडून दिला तरी चालेल, फक्त दरवर्षी सारखाच सोडा.

विजेचा गुणक हाच खरा घोळाचा भाग. निव्वळ कोळशाची वीज युनिटला सुमारे १ किलो, गॅसवरची त्याच्या निम्म्याच्या आसपास, तर वारा, पाणी, अणुऊर्जा आणि सौर या सगळ्यांत बांधणीचा खर्च धरूनही सहसा शंभर ग्रॅमच्या आतच. प्रत्येक ग्रीडमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या जाळ्यात, यांचं मिश्रण वेगळं. बहुतेक देशांत वीज नियामक किंवा ऊर्जा खातं दरवर्षी आपल्या ग्रीडचा सरासरी गुणक जाहीर करतं, तोच घ्या. दुसऱ्या देशातल्या कॅल्क्युलेटरनं आपला आकडा काढला तर तो दुपटीनंही चुकू शकतो.

एक नमुना हिशेब करू. घरात चार माणसं. वर्षाला २,४०० युनिट वीज, ग्रीडचा गुणक ०.७. एलपीजी १२० किलो. पेट्रोल ४८० लिटर. वीज १,६८० किलो, गॅस ३६० किलो, पेट्रोल १,१०४ किलो. एकूण ३,१४४ किलो, म्हणजे माणशी सुमारे ७८६ किलो.

यातलाच एक जण २,००० किलोमीटरवर विमानानं जाऊन आला समजा. साध्या वर्गातल्या प्रवाशामागे किलोमीटरला साधारण १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरतात. जाऊन-येऊन ४०० किलो. पण विमानं उंचावर जी वाफ आणि नायट्रोजन ऑक्साइड सोडतात, त्यांचाही तापवण्यात हात असतो. तो धरला तर हा आकडा दीड ते दोन पट होतो, म्हणजे ६०० ते ८०० किलो. त्याच्या वाट्याची वर्षभराची वीज, गॅस, पेट्रोल एका पारड्यात आणि काही तासांचा प्रवास दुसऱ्या पारड्यात घातला तर पारडी जवळपास समान राहतात. बिझनेस क्लासची सीट जागा जास्त व्यापते, त्यामुळे तिचा वाटाही दोन-तीन पट.

पायरी ३: बिलावर न दिसणारा भाग

इथे पावत्या कामाला येत नाहीत, अंदाजानंच चालावं लागतं.

खाण्याचं पाहू. पूर आणि नेमेचेक या संशोधकांनी २०१८ साली सुमारे ३८,००० शेतांची माहिती एकत्र केली. त्यांच्या हिशेबानं माणसाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी २६ टक्के खाण्याच्या साखळीतून येतात. एक किलो गोमांसामागे तीसपासून शंभर किलोपर्यंत समतुल्य वायू निघतो, चीजमागे विसेक, भातामागे चारेक (पाणी साचलेल्या शेतातून मिथेन निघतो म्हणून) आणि कडधान्यांमागे एक-दोन. ब्रिटनमधल्या लोकांच्या आहाराचा २०१४ साली अभ्यास झाला. त्यात भरपूर मांस खाणाऱ्याचा वर्षाचा भार सुमारे २.६ टन, शाकाहारी माणसाचा १.४ टन आणि दूधही न घेणाऱ्याचा सुमारे १ टन निघाला. पहिल्या हिशेबासाठी यातला आपल्याला जवळचा आकडा उचला आणि पुढे चला.

'स्थानिक तेच खा' हा सल्ला कार्बनच्या बाबतीत वाटतो तेवढा वजनदार नाही. खाण्याच्या एकूण भारात वाहतुकीचा वाटा सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास. काय खाता, हा प्रश्न ते कुठून आलं यापेक्षा बहुतेक वेळा मोठा असतो. अपवाद विमानानं येणाऱ्या नाशवंत मालाचा.

वस्तूंमध्ये इलेक्ट्रॉनिक्स वेगळं काढा. स्मार्टफोनचा जन्मभराचा भार ५० ते ८० किलो, त्यातला बहुतेक तो आपल्या हातात पडण्याआधीच झालेला असतो. लॅपटॉप २०० ते ३०० किलो. म्हणून कमी वीज खाणारा नवा फोन घेणं हा उपाय नव्हेच. जुना दोन वर्षं जास्त वापरणं हा उपाय.

पायरी ४: आकडा आला, आता?

जगाची सरासरी माणशी सुमारे साडेसहा टन आहे. तापमानवाढ दीड अंशावर रोखायची तर २०३० पर्यंत ती दोन-अडीच टनांवर यायला हवी, असं हिशेब सांगतात. पण सरासरी फसवी असते. जगातले सर्वाधिक उत्सर्जन करणारे दहा टक्के लोक एकूण उत्सर्जनाच्या जवळपास निम्म्याला कारण आहेत. तुमचा आकडा आधीच दोन टनांच्या आत असेल तर अपराधी वाटून घेण्याचं काही कारण नाही.

आणि दशांश चिन्हापुढे डोकं खपवू नका. आपल्या आकड्यांचा खांबांचा आलेख काढा. पाव हिस्सा इकडचा तिकडे झाला तरी त्यातला सगळ्यांत उंच खांब कोणता, हे सहसा बदलत नाही. आपल्याला तेवढंच हवंय.

पायरी ५: सगळ्यांत उंच खांबापासून

विन्स आणि निकोलस या संशोधकांनी २०१७ साली वैयक्तिक उपायांची तुलना केली. गाडीशिवाय राहिलं तर वर्षाला सुमारे २.४ टन वाचतात, अटलांटिकपारचा एक परतीचा विमानप्रवास टाळला तर १.६ टन, पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेतला तर ०.८ टन. रिसायकलिंगची बचत यातल्या शेवटच्याच्या चौथ्या हिश्श्याएवढी. हे आकडे श्रीमंत देशांचे आहेत, पण क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

*प्रवास.* लिटरला १५ किलोमीटर देणारी कार किलोमीटरला १५३ ग्रॅम सोडते. लिटरला ४५ देणारी दुचाकी ५१ ग्रॅम. एकट्यानं कार नेण्यापेक्षा दुचाकी कितीतरी बरी, पण कारमध्ये चौघं बसले की माणशी ३८ ग्रॅमच पडतात. म्हणजे रिकाम्या सीट भरणं हा नवी गाडी घेण्याआधीचा, फुकटचा उपाय. इलेक्ट्रिक रेल्वे आणि बऱ्यापैकी भरलेली बसही या चौघांच्या कारच्या आसपासच असते. विमानाच्या बाबतीत तंत्रज्ञानाकडून लवकर फारशी आशा नाही. फेऱ्या कमी करणं आणि एकदा गेलं की जास्त दिवस राहणं, एवढंच आपल्या हातात.

*रात्रीचं मीटर.* विजेची गळती शोधायला मला सगळ्यांत आवडणारी युक्ती. रात्री ११ ला मीटरचा आकडा लिहा, सकाळी ६ ला पुन्हा लिहा. मधे कुणी काही लावलेलं नको. समजा ७ तासांत १.४ युनिट गेले. म्हणजे सगळे झोपलेले असताना घर सरासरी २०० वॉट खातंय. हाच भार बारा महिने असाच राहिला तर १,७५२ युनिट. आपल्या नमुन्यातल्या घराच्या वर्षाच्या विजेतला तीन चतुर्थांश! मग एकेक वस्तू बंद करून बघायचं. फ्रिज धरून चालायचं, पण त्याच्या दाराचं रबर तपासा: दारात कागदाची पट्टी धरून दार लावा, कागद सहज निसटला तर थंडावाही निसटतोय. सापडणारे बाकीचे चोर म्हणजे तापमान राखून बसलेला साठवणीचा गिझर, सेट-टॉप बॉक्स, जुना स्टेबिलायझर, मत्स्यालयाचा हीटर.

*एसीचा गॅस.* हे प्रकरण जवळजवळ कुठल्याच घरगुती हिशेबात येत नाही आणि म्हणून जरा थांबून सांगतो. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. मेकॅनिक 'गॅस कमी झालाय, भरावा लागेल' म्हणाला, तर त्याचा अर्थ एकच, कुठेतरी गळतोय. आर-४१०ए या गॅसचा एक किलो हवेत गेला तर तो सुमारे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडएवढा तापवतो. ७०० ग्रॅम गळाले तर १,४६० किलो, म्हणजे ६३० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं! नमुन्यातल्या घराच्या वर्षाच्या पेट्रोलहूनही जास्त.

म्हणून नुसता गॅस भरून घेऊ नका, आधी गळती शोधायला लावा. बाहेरच्या युनिटवर तांब्याच्या नळ्या जिथे नटांनी जोडलेल्या असतात, तिथे साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. बहुतेकदा जोड तिथेच सैल असतो. एसी एका खोलीतून दुसरीकडे हलवताना नळ्या सोडण्याआधी गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करून घेता येतो, पण घाईत तो हवेत सोडून द्यायचा प्रकार सर्रास चालतो. समोर उभं राहा. नवा घ्यायचाच असेल तर गॅसचं नाव वाचा: आर-३२ चा आकडा ६७५, तर आर-२९० चा, म्हणजे प्रोपेनचा, पाचच्याही आत.

*गरम पाणी.* शॉवरखाली भांडं धरून मिनिटाला किती पाणी येतं ते मोजा. १० लिटर येत असेल तर ६ लिटरचं हेड लावा. पाण्याबरोबर ते तापवायची वीजही त्याच प्रमाणात वाचते.

*फेकलेलं अन्न.* संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानं २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून. एक आठवडा टाकलेलं अन्न वजनकाट्यावर ठेवून कागदावर लिहा, कारणासकट: शिजवलेलं उरलं, भाजी सडली, तारीख उलटली. कारणांची यादीच पुढच्या आठवड्याची खरेदी सुधारते. जे टाळता येत नाही त्याचं कंपोस्ट करा. कचराडेपोत हवेविना कुजताना ओला कचरा मिथेन सोडतो, उघड्यावर उलथापालथ होणारं कंपोस्ट फारच कमी सोडतं.

पाणी आणि वस्तू, थोडक्यात

हुक्स्ट्रांच्या पद्धतीनं जगातल्या सरासरी माणसाचा वॉटर फूटप्रिंट दिवसाला सुमारे ३,८०० लिटर आहे आणि त्यात घरच्या नळाचा वाटा जेमतेम चार टक्के. बाकीचं बहुतेक शेतीत, म्हणजे आपल्या ताटात आणि सुती कपड्यांत. एका सुती टी-शर्टमागे अडीच हजार लिटरहून जास्त पाणी धरतात. कार्बन कुठेही सोडला तरी परिणाम तोच, पाण्याचं तसं नाही. दुष्काळी भागातला लिटर आणि मुबलक पावसाच्या भागातला लिटर यांची किंमत वेगळी, म्हणून पाण्याचे आकडे कार्बनसारखे डोळे मिटून बेरजेला लावू नका. घरची गळती मात्र काढाच. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला विसेक लिटर. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास थांबा, भांड्यात रंग उतरला तर झडप गळतेय.

पिशव्यांबद्दल एकच. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात, फक्त तापमानवाढीचा विचार केला तरी साधी सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरली तरच ती प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करते, असं निघालं. कापडी पिशवी वाईट नव्हे. दर कार्यक्रमात फुकट मिळणारी अकरावी कापडी पिशवी वाईट.

दोन खड्डे

कोळशावर चालणारी यंत्रं सुधारली तर कोळसा कमी नव्हे, जास्तच लागेल, हे विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ सालीच सांगितलं होतं. घरातही तेच होतं. कमी वीज खाणारा एसी आला की तो जास्त तास चालतो. म्हणून यंत्राचं स्टार-लेबल बघून खूश होऊ नका, मीटर बघा.

दुसरा खड्डा 'ऑफसेट'चा. आपण उत्सर्जन करायचं आणि कुणाला तरी झाडं लावायला पैसे द्यायचे. झाड जगेल का, ते तुमच्या पैशांशिवायही लागलं असतं का आणि वीस वर्षांनी ते कापलं गेलं तर काय, याची उत्तरं क्वचितच पक्की असतात. द्यायचे तर द्या, पण आपल्या बेरजेतून ते वजा करू नका.

पायरी ६: पुढच्या वर्षी पुन्हा

त्याच महिन्यात, त्याच पद्धतीनं. कोणता गुणक कोणत्या वर्षाचा वापरला ते प्रत्येक आकड्याशेजारी लिहून ठेवा. ग्रीडमध्ये सौरवीज वाढली तर तुम्ही काहीही न करता आकडा उतरेल. ते श्रेय वेगळं काढायचं तर नव्या युनिटना एकदा जुन्या गुणकानंही गुणून बघा.

घरातले उंच खांब खाली आले की उरलेला मोठा भाग एकट्याच्या हातात नसतो. आपण फक्त घरातलेच खांब बघत राहिलो तर ते तेलकंपन्यांच्या सोयीचंच आहे. २००० च्या दशकात बीपी या तेलकंपनीनं 'तुमचा कार्बन फूटप्रिंट किती?' हा प्रश्न जाहिरातींतून घरोघर पोचवला, तेव्हा चर्चा आपसूकच तेल काढणाऱ्याकडून जाळणाऱ्याकडे सरकली. तेव्हा वहीत एक पान घराबाहेरचं ठेवा. इमारतीच्या सामायिक मीटरवर रात्रीची तीच युक्ती करा: पार्किंगचे दिवे, गच्चीवरच्या टाकीचा पंप, रिकाम्या जिन्यातल्या ट्यूब. ते आकडे रहिवाशांच्या बैठकीत मांडले तर टायमर आणि सेन्सरचा ठराव पास करून घेणं सोपं जातं. ऑफिसात वर्षभरातल्या विमानफेऱ्यांची यादी काढून त्यातल्या किती व्हिडिओ कॉलवर भागल्या असत्या, एवढं विचारा. एका टीमच्या अशा चार-सहा फेऱ्या रद्द झाल्या तर नमुन्यातल्या चौघांच्या घराच्या वर्षभराच्या वीज, गॅस आणि पेट्रोलएवढा भार कमी होतो.